उरलेला बान्ह चुंग खरपूस कसा करायचा? आधी पाणी, मग तेल

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याहून हनोईत राहायला आलेल्या एका जोडप्याला तेतच्या, म्हणजे व्हिएतनामी नववर्षाच्या निमित्ताने घरमालकीणबाई, शेजारी आणि ऑफिसातले लोक मिळून पाच बान्ह चुंग देऊन गेले. दोन संपले. उरलेले तीन फ्रिजमध्ये आठवडाभर पडून टणक झाले. त्यातला एक कापून तेलात टाकला, तर तो तव्याला चिकटला, बाहेरून करपला आणि आतला भात कचकचीतच राहिला. दुसऱ्याच्या एका कोपऱ्यावर पांढरी बुरशी दिसते आहे. तिसरा शाकाहारी आहे आणि तो तरी नीट व्हावा अशी इच्छा आहे.

हनोईच्याच एका घरात लग्न होऊन आले आणि इथेच छोटी खाणावळ चालवते, त्यामुळे तेतनंतरचे आठ-दहा दिवस आमच्या तव्यावर दुसरं फारसं काही नसतं. आधी सरळ उत्तर देते. तुम्ही तेल पुरेसं घातलं होतं, कमी पडलं ते पाणी. टणक झालेला बान्ह चुंग तळण्याआधी पुन्हा मऊ करावा लागतो, आणि कुरकुरीतपणा त्यानंतर आणायचा असतो. ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही एकाच वेळी गरम तेलावर सोपवली की तुमच्याकडे झालं तेच होतं.

हा पदार्थ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. बान्ह चुंग हा चौकोनी, जाड ठोकळा असतो, साधारण किलोभराचा. बाहेर चिकट तांदळाचा थर, आत सालं काढलेल्या मुगाच्या डाळीचा थर आणि मधोमध पोटाकडच्या चरबीदार पोर्कचा तुकडा. मीठ, कांदा आणि भरपूर काळी मिरी. हे सगळं दोंगच्या हिरव्या पानांत बांधून, बांबूच्या पातळ सालींनी आवळून, दहा-बारा तास पाण्यात उकळतात. मग वजनाखाली दाबून त्यातलं पाणी काढतात. पानांमुळे बाहेरच्या भाताला हिरवट रंग येतो. दक्षिणेत याचाच लांबट, गोल भाऊबंद असतो, केळीच्या पानातला बान्ह तेत. हनोईजवळचं त्रान्ह खुक हे गाव बान्ह चुंगसाठी प्रसिद्ध आहे, पण अजूनही कितीतरी घरांत तेतच्या दोन दिवस आधी रात्रभर अंगणात किंवा गल्लीत मोठं पातेलं चढतं. एवढा खटाटोप चार ठोकळ्यांसाठी कोणी करत नाही. दहा-वीस होतात, देवघरात पूर्वजांपुढे ठेवले जातात, नातेवाइकांना वाटले जातात, आणि त्यांच्याकडून तेवढेच परत येतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरात कोणाला त्याचं नाव नको असतं. तळलेला बान्ह चुंग हा त्या कंटाळ्यावरचा उपाय आहे, आणि माझं वैयक्तिक मत विचाराल तर ताज्यापेक्षा तोच जास्त चांगला लागतो.

आता तो टणक का होतो, कारण सगळी युक्ती तिथेच आहे. भात शिजतो तेव्हा तांदळातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि मऊ होतो. थंड झाल्यावर त्याचे रेणू पुन्हा एकमेकांना चिकटून रांगेत बसायला लागतात, मधलं पाणी बाजूला पडतं आणि दाणा कडक होतो. हनोईचे लोक म्हणतात, ठोकळा 'परत तांदूळ झाला'. हे सगळ्यात वेगाने होतं ते फ्रिजच्या तापमानाला, शून्याच्या जरा वर. उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ते जवळपास थांबतं. म्हणजे फ्रिजमध्ये ठेवल्याने तो खराब व्हायचा राहतो, पण कडकही तिथेच सगळ्यात लवकर होतो.

यात एक सोयीची गोष्ट आहे. आपल्या नेहमीच्या तांदळात अमायलोज आणि अमायलोपेक्टिन असे दोन्ही प्रकारचे स्टार्च असतात. चिकट तांदळात जवळजवळ सगळं अमायलोपेक्टिनच असतं. अमायलोज एकदा कडक झालं की साध्या उकळत्या पाण्याला दाद देत नाही. अमायलोपेक्टिन मात्र ६०-७० अंशांच्या आसपास पुन्हा सैल होतं, फक्त जवळ ओल हवी. म्हणून फ्रिजमधला बान्ह चुंग कितीही टणक लागला तरी तो वाया गेलेला नाही. वाफ मिळाली की पहिल्यासारखा मऊ होतो. नुसत्या गरम तेलात मात्र बाहेरच्या दाण्यात असेल नसेल ते पाणी उडून जातं, तो आणखी कडक होतो, आणि जाड तुकड्याच्या मध्यापर्यंत उष्णता पोचायच्या आत बाहेरची बाजू काळी पडते.

कृतीकडे जाण्याआधी त्या बुरशीवाल्या ठोकळ्याचं बघू. तो टाकून द्या. हे ऐकून तुमच्या घरमालकीणबाई कदाचित हसतील, कारण इथे जुन्या घरांत बुरशीचा कोपरा कापून बाकीचा तळायची पद्धत सर्रास होती आणि अजूनही आहे. फेब्रुवारीत हनोईत दिवसचे दिवस भुरभुर पाऊस असतो, भिंतीसुद्धा ओलसर होतात, तेव्हा पान जिथे फाटलं असेल तिथे बुरशी धरणारच. पण वर दिसतो तो ठिपका म्हणजे सगळी बुरशी नव्हे. मऊ, ओलसर पदार्थात तिचे धागे आत खोलवर गेलेले असतात. आणि 'तळलं की सगळं मरतं' हा समज सोडून द्या. तव्यावर बाहेरचा पापुद्रा खूप तापतो, पण आतल्या ओलसर भागाचं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. शिजवलेला भात बाहेर राहिला की त्यात बॅसिलस सेरेयस नावाचा जिवाणू वाढू शकतो, आणि त्याचं उलट्या करवणारं विष १२१ अंशांनाही टिकतं. त्यामुळे बुरशी, आंबूस वास, पान सोडवताना तार सुटेल असा चिकटपणा, किंवा व्हॅक्यूमच्या पाकिटाचं फुगणं, यातलं काहीही दिसलं तर तवा तापवूच नका. मुगाची डाळ भातापेक्षा लवकर आंबते, म्हणून कापल्यावर वास घ्यायचा तो मधल्या पिवळ्या थराचा.

चांगला असेल तर फ्रिजमधून काढल्या काढल्या, थंड आणि टणक असतानाच कापा. तो कडकपणा इथे कामाला येतो. मऊ झाल्यावर कापायला गेलात तर भात सुरीला लपेटतो आणि डाळीचा थर बाहेर सांडतो. ताजा बान्ह चुंग इथे सुरीने कापतच नाहीत. त्याच्याच बांधायच्या सालींचे धागे ठोकळ्याखाली उभे, आडवे आणि तिरके घालून ओढतात, की आठ त्रिकोणी तुकडे पडतात. फ्रिजमधल्या टणक ठोकळ्यावर मात्र धागा चालत नाही. तिथे जड, धारदार सुरी घ्या आणि प्रत्येक कापाआधी ती ओली करा. पानाचा कपटाही राहू देऊ नका. तो तव्यावर जळतो आणि कडू लागतो.

मी घरी ज्या पद्धतीने करते ती आधी सांगते. हनोईतल्या घरांत आता हीच जास्त चालते, कारण हिला तेल जवळजवळ लागत नाही. हिला लोक 'पाण्यात तळणं' म्हणतात. ऐकायला विचित्र वाटेल, पण वर सांगितलेलं सगळं शास्त्र त्यात आपोआप पाळलं जातं.

अर्धा ठोकळा, म्हणजे साधारण ५०० ग्रॅम, आणि २४ सेंटीमीटरचा नॉनस्टिक पॅन घ्या. हे माप मुद्दाम सांगते आहे. एवढा भात त्या पॅनमध्ये पसरला की बरोबर सेंटीमीटरभर जाडीचा थर होतो, आणि तीच जाडी हवी. याहून जाड झाला तर मधे लगदा राहतो, पातळ झाला तर सगळंच कडक पापड होतं. ठोकळ्याचे बोटभर जाड काप करा. पोर्कच्या मोठ्या तुकड्यातली नुसती पांढरी चरबी दिसत असेल ती वेगळी काढून बारीक चिरा आणि आधी तीच रिकाम्या पॅनमध्ये मंद आचेवर सोडा. चरबी सुटेल, कुरकुरीत कण राहतील. ते कण बाजूला काढून ठेवा. पॅनमधली चरबी हेच तुमचं तेल.

आता काप मांडा आणि वाटीभर, म्हणजे १५० ते २०० मिलिलिटर पाणी घाला. झाकण, मध्यम आच. सहा-सात मिनिटांत पाणी खळखळत असेल आणि काप कडेने अर्धपारदर्शक व्हायला लागले असतील. झाकण काढा आणि चपट्या लाकडी उलथन्याने किंवा काट्याने काप दाबत दाबत मोडा. भात, डाळ, मांस सगळं एकमेकांत मिसळू द्या. टणक दाणा हाताला लागतो आहे का ते बघा. लागत असेल तर आणखी पाव वाटी पाणी घालून झाकण परत ठेवा. या टप्प्यावर घाई करणाऱ्यांचाच पदार्थ शेवटी कचकचीत लागतो. एकदा पापुद्रा धरायला लागला की आतला दाणा मऊ करायची संधी गेली.

सगळं एकजीव मऊ झालं की ते पॅनभर सारखं पसरा, कडा आत दाबून गोल करा, आच थोडी कमी करा आणि झाकण न ठेवता वाट बघा. पुढचं कानाने करायचं. पाणी असेपर्यंत आवाज जाड, बुडबुड्यांचा येतो. पाणी संपत आलं की तो बारीक होत होत चरचरीत होतो. त्या क्षणी पॅनमध्ये पाणी उरलेलं नसतं, फक्त डुकराची चरबी असते, आणि खालचं तापमान १०० अंशांच्या वर चढायला लागतं. खरपूस रंग, भाजल्याचा वास, पापुद्रा, हे सगळं इथून पुढे तयार होतं. आता थालीपिठाला सोडतो तसं कडेने चमचाभर तेल सोडा आणि आठ-दहा मिनिटं त्याला हात लावू नका.

हात न लावणं हेच बहुतेकांना जमत नाही, आणि चिकटण्याचं मुख्य कारणही तेच आहे. ओला, शिजलेला स्टार्च धातूला धरून बसतो. त्याच्याखालचा थर वाळून कडक झाला की तो स्वतःहून सुटतो. पॅन हलवून बघा. सगळी चकती एकसंध सरकली तर झालं. सरकत नसेल तर उलथनं खुपसू नका, दोन मिनिटं थांबा. खाली सोनेरी-तपकिरी झालं की पॅनवर ताट उपडं ठेवून सगळं उलटा आणि ताटातून पुन्हा पॅनमध्ये सरकवा. दुसऱ्या बाजूला वेळ कमी लागतो, सहा-सात मिनिटं. शेवटच्या मिनिटाला बाजूला ठेवलेले चरबीचे कण वर पसरा. लाकडी पाटावर काढा, ताटात नको. ताटात खालून वाफ धरते आणि एवढ्या मेहनतीने आणलेला पापुद्रा दोन मिनिटांत मऊ पडतो. कात्रीने त्रिकोण कापून गरम गरम खायचं.

दुसरी पद्धत काप अखंड ठेवण्याची. ज्यांना डाळीचा पिवळा पट्टा आणि मधलं मांस दिसायला हवं त्यांच्यासाठी ही. काप दीड सेंटीमीटरपेक्षा जाड नकोत. ते मोदकपात्रात किंवा चाळणीवर आठ-दहा मिनिटं वाफवा. मायक्रोवेव्ह असेल तर ओल्या कागदी रुमालाखाली मिनिट-दीड मिनिट पुरे. मग पाच मिनिटं उघड्यावर ठेवा, म्हणजे वरची ओल उडेल. तुमच्या प्रयत्नात ही वाफ राहिली होती, एवढाच फरक. त्यानंतर पॅनमध्ये दोन चमचे तेल चांगलं तापवायचं, काप एकमेकांना न लागता मांडायचे आणि आच मध्यमच्या खाली आणायची. काप लागून ठेवले तर ते एकमेकांत मिसळून जातात, नंतर सोडवताना पापुद्रा निघतो. एका बाजूला पाच-सहा मिनिटं. चिकट भाताच्या पोटात पाण्याचे कप्पे असतात आणि ते फुटले की गरम थेंब उडतात, म्हणून तोंड पॅनवर नेऊन बघू नका. लहान मुलांना ओट्यापासून लांब ठेवा.

भांड्याबद्दल. नॉनस्टिक सगळ्यात सोपा. वापरून काळा, गुळगुळीत झालेला बिडाचा तवा असेल तर त्याच्यासारखा पापुद्रा कशातच येत नाही, पण पाण्याच्या पद्धतीला तो वापरू नका. एवढा वेळ त्यात पाणी उकळलं की त्याच्यावरचा तेलाचा थर कमकुवत होतो. तिथे वाफवलेले कापच टाका. स्टीलच्या कढईचा हट्ट धरू नका.

तुमच्या शाकाहारी ठोकळ्याला जरा वेगळं वागवावं लागेल. इथे चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला बरीच बौद्ध कुटुंबं मांस खात नाहीत, त्यामुळे बिनमांसाचा बान्ह चुंग सहज मिळतो. त्यात डाळच जास्त असते, कधी मशरूम असतात. एक गोष्ट मात्र देणाऱ्यांना नक्की विचारा. डाळीच्या सारणात चवीपुरता फिश सॉस तर नाही ना? पाकिटावर 'चाय', म्हणजे शाकाहारी, असा शब्द छापलेला असेल तर प्रश्न नाही. पण घरी केलेल्यात 'मांस घातलं नाही' एवढाच अर्थ धरलेला असू शकतो. मनात काही वाईट नसतं, फिश सॉस इथे मिठासारखा हाताला असतो. हो, तो ठोकळा तुमच्या घरात कोण खाणार आहे, त्यावर ही चौकशी अर्थात अवलंबून आहे.

त्याच्यात चरबी नसते, म्हणून पाणी आटल्यावर पॅन कोरडा पडतो. तेव्हा दोन मोठे चमचे तेल घालावंच लागतं, आणि ते पाणी पूर्ण आटल्यावर घालायचं. आधी घातलं तर भात ते पिऊन घेतो आणि शेवटी पदार्थ तेलकट होऊनही कुरकुरीत होत नाही. शेंगदाण्याचं तेल याला छान लागतं. डाळ भातापेक्षा लवकर करपते, म्हणून डाळीचे कण खाली येणार नाहीत असा भाताचा भाग तळाशी दाबा. वर पातीचा कांदा बारीक चिरून, त्यावर कडकडीत तेल ओतून ते पसरलं की मांसाची उणीव भासत नाही. निदान मला तरी भासत नाही. आमच्या सासूबाईंचं मत वेगळं आहे.

कोणी दक्षिणेतून बान्ह तेत पाठवला असेल तर त्याच्या गोल चकत्या आधीच तयार असतात. दोरा गुंडाळून ओढला की चकती सुटते. सायगाव आणि मेकाँगच्या भागात या तळलेल्या चकत्या खूप खातात. त्याच भागातल्या कान थो शहराकडे जांभळ्या रंगाच्या भाताचा बान्ह तेत करतात, पानांच्या रसाने रंगवलेला. तो तळला की रंग मळकट होतो, म्हणून पापुद्रा हलकाच ठेवा. केळं आणि काळे घेवडे घातलेला गोड प्रकार, किंवा साखर घातलेला बान्ह चुंग असेल तर आच आणखी मंद करा. साखर असली की सोनेरी आणि काळा यांच्यात अर्ध्या मिनिटाचं अंतर असतं. उत्तरेत साधा, बिनमांसाचा बान्ह चुंग उसाच्या काकवीबरोबर खायचीही पद्धत आहे. काकवी आपल्याकडे कोल्हापुराकडून येणाऱ्यांच्या सामानात असतेच. तळलेल्या कापावर ती ओतून बघा.

भरपूर तेलात बुडवून तळायचं का, असं बरेचजण विचारतात, कारण हिवाळ्यात हनोईच्या रस्त्यांवर तसे मिळतात. त्यांचे बान्ह चुंग मुळात छोटे, तळण्यासाठीच बांधलेले आणि ताजे असतात, कढई खोल असते. घरातला मोठा ठोकळा कापून कढईत सोडला तर सारण सुटतं, डाळीचे कण तेलात जळतात आणि ते काळे कण पुढच्या प्रत्येक तुकड्याला चिकटतात. घरी करू नका. एअर फ्रायरमध्ये होतं, पण वाफवलेल्या कापांना दोन्ही बाजूंनी तेल नीट लावून. १८० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटं, मधे एकदा उलटून. तेल न लावता ठेवले तर बाहेरचे दाणे नुसते वाळतात. ते कुरकुरीत नसतं, दाताला लागणारं कडक असतं. वॉफलच्या यंत्राचं मात्र मला कौतुक आहे. मऊ केलेला भात त्यात दाबला की खाचांमुळे पापुद्रा दुप्पट येतो. तरुण मंडळी चकतीवर अंडं, सॉसेज, चीज घालून तिचा पिझ्झा करतात. अंड्याला माझी हरकत नाही. चीज नको, त्यात आधीच पुरेशी चरबी आहे.

आणि म्हणूनच बरोबर आंबट हवंच. तेतच्या गोष्टी मोजणारं एक जुनं दोनोळी वचन इथे सगळ्यांना पाठ असतं. त्यात चरबीदार मांस, खारवलेले कांदे, लाल कागदावरची सुभाषितं, अंगणातला बांबू, फटाक्यांची माळ आणि हिरवा बान्ह चुंग एका दमात येतात. कांदे त्यात उगाच नाहीत. दुआ हान्ह म्हणतात त्यांना, छोटे कांदे मिठाच्या पाण्यात आंबवलेले. खरे करायचे तर आठ-दहा दिवस लागतात. तेवढा वेळ नसेल तर छोटे सांबार कांदे सोलून अर्धी वाटी व्हिनेगर, तेवढंच कोमट पाणी, दोन चमचे साखर आणि चमचाभर मीठ यात रात्रभर बुडवून ठेवा. आंबवल्याची खोली येणार नाही, पण काम भागतं. दक्षिणेत त्याऐवजी किएउच्या छोट्या पांढऱ्या कंदांचं लोणचं असतं. बुडवायला मिरचीचा सॉस किंवा सोया सॉस. आपलं तेलातलं कैरीचं लोणचं याच्याबरोबर जमत नाही. तेलावर तेल होतं. ताज्या लिंबाचं, बिनतेलाचं लोणचं मात्र छान जमतं.

पुढच्या वर्षीसाठी साठवणीचं सांगून ठेवते. हनोईत थंडी असेल, खोलीचं तापमान २० अंशांच्या खाली असेल, तर पान न फाटलेला ठोकळा चार-पाच दिवस हवेशीर जागी टांगून राहतो. दक्षिणेच्या उकाड्यात एक-दोन दिवसांत फ्रिज गाठा. आठवड्याभरात संपणार नाही असं दिसलं तर फ्रिजमध्ये ताटकळत ठेवू नका. मिळाल्या दिवशीच बोटभर जाड काप करून, मधे कागद घालून फ्रीझरमध्ये टाका. दोन महिने चांगले राहतात. गोठलेले काप सोडवत बसायची गरज नाही, तसेच पॅनमध्ये घालून पाणी जरा जास्त घ्या. अख्खा ठोकळा पानासकट गोठवला असेल तर तो पानासकटच तासभर उकळा, की जवळजवळ ताज्यासारखा होतो. हे अमेरिकेत सॅन होजेकडे राहणाऱ्या आपल्या लोकांनाही उपयोगी पडेल. तिथल्या व्हिएतनामी दुकानांत तेतच्या सुमाराला व्हॅक्यूम केलेले बान्ह चुंग आणि बान्ह तेत मिळतात, आणि सण उलटल्यावर स्वस्तही होतात.

घरात कोणाला मधुमेह असेल तर एक तुकडा, आणि तोही बरोबरच्या कांद्यांसह जेवणात धरून. चिकट भात साखर भराभर वाढवतो आणि कुरकुरीत झाला म्हणून त्यात काही बदलत नाही.

तळून उरलेलं पुन्हा फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्यांदा तळता येतं का, हेही कोणीतरी विचारणारच. येतं, पण पापुद्रा चामट होतो. तुमच्याकडे आता दोन खाणारे आहेत आणि साधारण एकच ठोकळा शिल्लक आहे, तर आज अर्धा करा आणि अर्धा न तळता कापून फ्रीझरमध्ये ठेवा.